प्रगतीचे एकक: हेलपाटा

शासनाची वार्षिक प्रगती हे मार्चमध्ये काढणीला येणारे पीक आहे. गहू-हरभरा खळ्यावर येतो त्याच सुमारास मुंबईत विधिमंडळाचे अर्थसंकल्पी अधिवेशन भरते आणि वर्षभराची प्रगती सभागृहाच्या पटलावर येते. फरक एवढाच की गव्हाला अवकाळी लागतो, तांबेरा पडतो, वाऱ्याने तो आडवा होतो. प्रगतीला यातले काहीच होत नाही. १९६० पासून महाराष्ट्रात दुष्काळ आले, साथी आल्या, सरकारे आली तशी गेली, पण प्रगतीचे पीक बुडाले असे कोणत्याही सरकारने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले नाही. फार तर एखाद्या वर्षी वाढीचा दर उणे येतो. म्हणजे पीक आलेलेच असते, फक्त ते मुळ्यासारखे जमिनीखाली वाढलेले असते.

हे पीक तीन खेपांत घरी येते. पहिली खेप राज्यपालांच्या अभिभाषणाची. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७६ प्रमाणे वर्षाच्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राज्यपाल दोन्ही सभागृहांपुढे भाषण करतात. भाषण मंत्रिमंडळ लिहून देते, राज्यपाल ते वाचतात आणि वाचताना ‘माझ्या शासनाने’ अमुक केले, ‘माझे शासन’ तमुक करील, असे म्हणतात. मग सभागृहात आभारप्रदर्शनाचा ठराव येतो आणि तो सत्ताधारी बाजू मंजूर करते. थोडक्यात, सरकार स्वतःच लिहिलेली स्वतःची स्तुती राज्यपालांकडून ऐकते आणि इतके छान ऐकवल्याबद्दल त्यांचे आभार मानते. लग्नात उखाणा दुसऱ्याकडून लिहून घेण्याची रीत आहे. इथे उखाणाही आपला आणि नावही आपलेच.

दुसरी खेप आर्थिक पाहणीची. नियोजन विभागाचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय ती तयार करते आणि अर्थसंकल्पाच्या तोंडावर ती विधिमंडळात मांडली जाते. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि पाहणी त्याआधीच येते, म्हणजे पेपर चालू असतानाच निकाल हाती पडतो. यास ‘पूर्वानुमान’ म्हणतात. पुढच्या वर्षी त्याच वर्षाचा ‘सुधारित अंदाज’ येतो, त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक. त्या वर्षी खरोखर काय झाले हे कळेपर्यंत ते कोणाला विचारावेसे वाटत नाही आणि ज्याला विचारायचे तो मंत्री बहुधा दुसऱ्या खात्यात, क्वचित दुसऱ्या पक्षातही, गेलेला असतो. तिसरी खेप खुद्द अर्थसंकल्पाची. पहिल्या दोन खेपांत काय झाले ते सांगितलेले असते, तिसरीत काय होईल ते. आणि पुष्कळदा ती कामे तीच असतात.

वर्षाकाठी प्रगती मोजून कागदावर मांडण्याची ही रीत इंग्रजांच्या वेळची आहे. १८५८ साली कंपनीचा कारभार राणीच्या सरकारकडे गेला, तेव्हाच्या कायद्यात हिंदुस्थानची ‘नैतिक व भौतिक प्रगती’ दाखवणारे निवेदन दरवर्षी ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्याची तरतूद होती. पुढे या जोडीतली नैतिक प्रगती गळाली आणि भौतिक तेवढी उरली. नैतिक प्रगतीला एकक सापडले नाही हे कारण असावे, किंवा ती एव्हाना पूर्ण झाली असे ठरले असावे.

त्या अहवालांचा पहिला कडक परीक्षक मुंबईतूनच निघाला. दादाभाई नौरोजींनी सरकारी आकडेच हाती घेऊन १८६७-६८ सालचे हिंदी माणसाचे दरडोई उत्पन्न काढले, ते वर्षाला २० रुपये भरले. मग त्यांनी तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च पाहिला, तो त्याहून जास्त निघाला. सरळमार्गी रयतेला आपली भौतिक स्थिती सुधारायची तर गुन्हा करणे हा त्यातल्या त्यात खात्रीचा उपाय होता. सरकारी सरासऱ्या कशा चुकतात हेही दादाभाईंनी दाखवले. मोठ्या आणि लहान जिल्ह्यांचे एकरी उत्पन्न, कुठे किती जमीन आहे हे न बघता, एकत्र करायचे आणि जिल्ह्यांच्या संख्येने भागायचे, अशी ती पद्धत होती. भागाकार बरोबर होता, उत्तर मात्र चूक होते. ही परंपरा लक्षात ठेवावी, कारण तिची गरज थोड्या वेळाने पुन्हा लागते.

प्रगतीचे व्याकरण स्वतंत्र आहे. त्यात कर्ता नसतो. ‘करण्यात आले आहे’, ‘करण्यात येत आहे’, ‘करण्यात येईल’ हे तिन्ही काळ कर्मणी चालतात, त्यामुळे कोणी केले हा प्रश्न निघत नाही आणि कोणी केले नाही हा तर मुळीच निघत नाही. रस्त्याच्या कामात या व्याकरणाचा पूर्ण विस्तार पाहायला मिळतो. रस्ता आधी ‘प्रस्तावित’ असतो, मग त्याला ‘तत्त्वतः मान्यता’ मिळते, मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा प्रक्रिया, मग कार्यादेश. यातील प्रत्येक पायरी त्या त्या वर्षाच्या अहवालात स्वतंत्र प्रगती म्हणून धरता येते, त्यामुळे एक रस्ता न होता सहा वर्षांची प्रगती पुरवतो. सातव्या वर्षी काम ‘प्रगतिपथावर’ येते. प्रगतिपथावर याचा अर्थ पथ अजून झालेला नाही.

आर्थिक उभारीचे गणित पाहायचे तर महासाथीची दोन वर्षे सोयीची आहेत. २०२०-२१ च्या पाहणीत राज्याची अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसेल असा अंदाज होता. उद्योग उणे ११.३, सेवा उणे ९. त्या वर्षी वाढलेले एकच मोठे क्षेत्र होते, कृषी व संलग्न कार्ये, अधिक ११.७ टक्के. शहरे घरात बसली असताना शेतात काम चालू होते आणि टाळेबंदीत घरोघर भाजी धुऊन घेणाऱ्यांनी त्या वाढीत आपला वाटा उचलला. पुढच्या वर्षीच्या पाहणीत १२.१ टक्के वाढीचा अंदाज आला आणि आकडा मोठा असल्याने तो ठळक अक्षरांत छापला गेला. आता १०० रुपये घ्यावेत. त्यातून ८ टक्के गेले की ९२ उरतात. ९२ वर १२.१ टक्के चढवले की १०३ रुपये १३ पैसे होतात. दोन वर्षांची कमाई तीन रुपये तेरा पैसे. पंधरा पायऱ्या उतरून सतरा चढणाऱ्याने ‘सतरा चढलो’ असे सांगितले तर ते खोटे नसते. फक्त तो आधी होता त्याहून दोनच पायऱ्या वर उभा असतो आणि त्याला धाप मात्र बत्तीस पायऱ्यांची लागलेली असते.

पाहणीत राज्य दोन किमतींत जगते, एक चालू आणि एक स्थिर. २०२४-२५ च्या पाहणीत स्थिर किमती म्हणजे २०११-१२ च्या किमती. वाढ किती खरी आणि महागाईने फुगवलेली किती, हे वेगळे काढायला ही सोय लागते आणि शास्त्राच्या दृष्टीने ती योग्यच आहे. मंडईत मात्र एकच किंमत चालते. तिथे स्थिर किमतीने कोथिंबिरीची जुडी मागणाऱ्याला ती मिळत नाही, दोन शब्द मिळतात आणि तेही चालू किमतीचे असतात.

मोठ्या आकड्यांचीही एक अडचण आहे. राज्याची अर्थव्यवस्था एक ट्रिलियन डॉलरची करायची, असे उद्दिष्ट ठरलेले आहे. ट्रिलियन म्हणजे एकावर बारा शून्ये, आपल्या हिशेबात एक लाख कोटी. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त या संख्येला ‘महापद्म’ असे नाव आहे. ‘महापद्म डॉलरची अर्थव्यवस्था’ असे म्हटले तर उद्दिष्ट तेच राहते, पण ऐकणाऱ्याला सत्यनारायणाच्या पूजेचे बोलावणे आल्यासारखे वाटते. म्हणून ट्रिलियन बरा. तुलनेने २०२५-२६ चा अर्थसंकल्प घरगुती होता. त्याचा आकार ७ लाख २० कोटी रुपये. आहेराच्या पाकिटात पाचशेवर एक रुपया घालावा तसे सात लाख कोटींवर वीस कोटी ठेवलेले होते. याच अर्थसंकल्पात सुमारे ४५ हजार ८९१ कोटींची महसुली तूट आणि वर्षाअखेर ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात जाणारे कर्ज होते. कर्ज मर्यादेच्या आत आहे असे सांगितले जाते आणि ते खरे आहे, कारण मर्यादा राज्याच्या उत्पन्नाच्या टक्केवारीत असते आणि उत्पन्न दरवर्षी वाढते. वाढत्या पोटावर मापाचा सदरा शिवून घेणाऱ्याला सदरा कधीच घट्ट होत नाही.

आता सरासरी. २०२४-२५ चे दरडोई उत्पन्न ३ लाख ९ हजार ३४० रुपये असेल असे त्या वर्षीच्या पाहणीचे पूर्वानुमान होते. चौघांच्या कुटुंबाला हे १२ लाख ३७ हजार ३६० रुपये पडते. त्याच वर्षी जुलैपासून शासनाने लाडकी बहीण योजना सुरू केली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या महिलांना दरमहा १,५०० रुपये, आणि लाभ घेणाऱ्या महिलांची संख्या दोन कोटींवर गेली. एकाच वर्षी शासनाच्या एका कागदाने सरासरी कुटुंब सव्वाबारा लाखांवर नेले आणि दुसऱ्या कागदाने दोन कोटींहून अधिक बहिणींची घरे अडीच लाखांच्या आत असल्याचे मान्य केले. दोन्ही कागदांवर शासनाचीच मुद्रा आहे. मुंबईचे उत्पन्न आणि नंदुरबार, वाशीम, गडचिरोलीचे उत्पन्न एका पातेल्यात घोटले की अशी सरासरी तयार होते. सरासरी ही पाहुणीसारखी असते. सगळ्यांच्या नावाने जेवते आणि कोणाच्याच घरी उतरत नाही. दादाभाईंना हे पाहून नवल वाटले नसते.

प्रगतीचा पैसा प्रत्यक्ष खर्च होतो तो ‘मार्च एंड’ला. वर्षभर निधीला वाट सापडत नाही आणि शेवटच्या आठवड्यात तिला घाटच लागतो. ३१ मार्चला न खर्चलेली रक्कम परत जाते, तिला ‘लॅप्स’ म्हणतात, आणि कार्यालयात या शब्दाची भीती ऑडिटपेक्षा मोठी असते. त्या रात्री कोषागारांचे दिवे उशिरापर्यंत जळतात. पहिले अकरा महिने ‘निधी उपलब्ध नाही’ हे कारण असते आणि बारावा महिना ‘निधी आहे, वेळ नाही’ या कारणाचा. पावसाळ्याला दोन-अडीच महिने असताना खडीकरण निघते आणि पहिल्या पावसात ते खडी सोडून बाकी सगळे घेऊन जाते.

येथपर्यंत आर्थिक उभारी झाली. दुसरे प्रकरण लोकसेवांच्या सुधारणेचे आहे आणि त्याला पैशापेक्षा कागद जास्त लागतो.

महाराष्ट्रात कार्यालय सुधारण्याचा इतिहास जुना आणि सन्मानाचा आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणी, दप्तर आणि लोकांशी होणारा व्यवहार यांना शिस्त लावली. ती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून गाजली आणि लोक ती पाहायला लांबून येऊ लागले. कचेरीत काम घेऊन नव्हे तर नुसती कचेरी बघायला माणसे आली, अशी राज्याच्या इतिहासातली ही दुर्मीळ घटना आहे. महसूल कार्यालयांत कागद सहा गठ्ठ्यांत लावायची पद्धतही रुजली. त्यात एक गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा आणि एक ‘प्रतीक्षाधीन’ प्रकरणांचा असतो. प्रतीक्षाधीन म्हणजे या कार्यालयाने दुसऱ्या कार्यालयाला पत्र लिहिले आहे आणि आता तेही उत्तराची वाट पाहत आहे. खिडकीबाहेरच्या माणसाला हे समजले तर थोडा दिलासा मिळेल, कारण आत बसलेलेही रांगेतच आहेत.

मग कायदे आले. २००५ च्या कायद्याचे पूर्ण नाव वाचायलाच एका दमाहून अधिक श्वास लागतो. बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध असा त्याचा आशय. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. तो १ जुलै २००६ ला अंमलात आला. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये, दुसऱ्या विभागाकडे न जाणाऱ्या प्रकरणाचा निर्णय ४५ दिवसांत आणि जाणाऱ्याचा तीन महिन्यांत व्हावा, असे तो सांगतो. सात दिवसांची मुदत एका टेबलाला आहे. चार टेबले असली तर महिना कायदेशीररीत्या निघतो. त्यात सुट्ट्या येत नाहीत आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून शासकीय कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा आहे.

२०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. सेवा कोणी द्यायची, किती दिवसांत द्यायची, न दिल्यास कोणाकडे पहिले अपील, कोणाकडे दुसरे आणि त्यापुढे आयोग, हे सगळे त्यात ठरवलेले आहे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कायद्याचे बोधवाक्य ‘आपली सेवा, आमचे कर्तव्य’. तोवर ‘सेवा’ हा शब्द कार्यालयात मुख्यतः सेवानिवृत्ती आणि सेवाज्येष्ठता या जोडशब्दांतच वापरात होता. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत १५ दिवसांची ठरली आणि अर्ज ऑनलाइन झाले. दाखल्याचे शुल्क बरीच वर्षे ३३ रुपये ६० पैसे होते. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ मध्येच चलनातून गेली, तेव्हा उरलेल्या नाण्यांत ६० पैसे जुळवता येत नाहीत. ही सेवा रोखीने घेणाऱ्याला कायद्याने शक्य नसलेली रक्कम मोजावी लागत होती. व्यवहारात ती चाळीस होत असे आणि वरचे पैसे कोणत्याच लेखाशीर्षाखाली जात नसत.

जून महिन्यात कोणत्याही तालुक्याच्या ठिकाणी ही सुधारणा जवळून पाहता येते. मुलीच्या प्रवेशासाठी दाखला हवा असलेले एक काका खिडकीशी पोचतात.

“साहेब, दाखला झाला का?”

“पावतीवरचा नंबर सांगा.” आकडे एकेक करून दाबले जातात. “काका, तुमचा अर्ज कालच निकाली निघालाय.”

“मग द्या की.”

“निकाली निघालाय म्हणजे त्रुटी निघालीय. रेशन कार्डाची मागची बाजू जोडलेली नाही.”

“मागची बाजू कोरी आहे, साहेब.”

“कोरी आहे हे दिसायला नको का?”

काका झेरॉक्सच्या दुकानात जातात. कोऱ्या बाजूची झेरॉक्स निघते. ती अर्थातच कोरी येते आणि तीवर सही करून ‘स्वयंसाक्षांकित’ असे लिहिले जाते. नवा अर्ज भरतात आणि १५ दिवस पहिल्यापासून मोजायला लागतात. दरम्यान तलाठ्याचा अहवाल जुना झालेला असतो. तलाठी म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, २०२४ मध्ये पदनाम बदलले. पण गावात ‘भाऊसाहेब आहेत का?’ या प्रश्नाला ‘दौऱ्यावर आहेत’ हे उत्तर पदनामाबरोबर बदललेले नाही. शेवटी दाखला तयार होतो, फक्त सही राहते. सही डिजिटल आहे, तिचे डोंगल साहेबांकडे आहे, साहेब मीटिंगला आहेत आणि मीटिंग ऑनलाइन सेवांच्या आढाव्याची आहे.

यात कोणी लबाडी केलेली नाही हे इथे नोंदवले पाहिजे. पहिला अर्ज मुदतीत निकाली निघाला, दुसराही निघेल. एका दाखल्यामागे दोन प्रकरणे मुदतीत निकाली, हा अहवालाच्या दृष्टीने दुहेरी पराक्रम आहे. त्याच वेळी, त्याच खिडकीवर काकांचे तीन हेलपाटे झालेले आहेत. शासन निकाली प्रकरणे मोजते आणि लोक हेलपाटे मोजतात. दोन्ही मोजमापे अचूक आहेत आणि एकमेकांशी कुठेच जुळत नाहीत, कारण एक कोठीतले दाणे मोजते आणि दुसरे कोठीपर्यंतची पावले.

हेलपाटा या एककाची व्याख्या अशी करता येते: काम घेऊन घरातून कार्यालयापर्यंत आणि काम न होता कार्यालयापासून घरापर्यंत केलेला एक पूर्ण प्रवास. काम झाले तर तो हेलपाटा नसतो, नुसते जाणे-येणे असते. एका हेलपाट्यात एसटीचे भाडे, बुडालेली मजुरी, दोन झेरॉक्स, एक चहा आणि परतीच्या वाटेवर शेजाऱ्याला द्यायचे स्पष्टीकरण, इतके घटक येतात. शासनाने या क्षेत्रात भरीव काम केलेले आहे, मात्र त्याची नोंद दुसऱ्या खात्यात आहे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात. म्हणजे महिलांसाठी हेलपाटा निम्म्या दरात आणि ज्येष्ठांसाठी विनामूल्य उपलब्ध आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडे सुमारे १५ टक्के वाढले, तेव्हा पुरुषांचा हेलपाटा चालू किमतींना महागला; स्थिर किमतींना किती, हे कोणत्याही पाहणीत येत नाही.

हेलपाटा कमी करणाऱ्या सुधारणा झाल्याच नाहीत असे नाही. सातबारा १ मे २०१८ पासून डिजिटल सहीनिशी घरबसल्या मिळू लागला आणि १५ रुपयांत तलाठी सज्जावरचे किती फेरे वाचले ते ज्यांचे वाचले त्यांना विचारावे. दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, हे तर शासनाने २००४ मध्येच ठरवले होते. त्यानंतर वीस वर्षे लोक कचेरीबाहेरच्या झाडाखाली शंभराचा मुद्रांक घेत राहिले, कारण सुधारणा राजपत्रात झाली होती आणि लोक झाडाखाली उभे होते. मधले अंतर शंभर पावलांचे होते, पण कोणी ते चालून आले नाही.

मोहिमांचा काळही येतो. २०१७ मध्ये पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ सुरू झाली, म्हणजे रोजचे काम रोज संपवायचे. जानेवारी २०२५ पासून राज्यभर १०० दिवसांचा कृती आराखडा राबवला गेला. संकेतस्थळ सुधारणे, कार्यालयाची स्वच्छता, तक्रारींचे निवारण, नागरिकांसाठी सोयी अशी त्याची कलमे होती. ४८ विभागांनी मिळून ९०२ मुद्दे ठरवले, म्हणजे दिवसाला नऊ. त्यातले ७०६ पूर्ण झाले, ७८ टक्के. उरलेले १९६ पुढे न्यायचे ठरले. कार्यालयांचे मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केले आणि निकाल १ मे २०२५ ला लागला. महाराष्ट्रात शाळांचे निकालही परंपरेने झेंडावंदनानंतर १ मेलाच लागतात, त्यामुळे त्या दिवशी घरोघर पोरांची आणि मंत्रालयात खात्यांची प्रगतिपुस्तके एकदमच उघडली. पुढे नेलेले १९६ मुद्दे ‘एटीकेटी’च्याच धर्तीचे होते.

या मोहिमेचा दिसणारा परिणाम कार्यालयांत खरोखर दिसला. भिंती रंगल्या, जुने दप्तर लागले, दिशादर्शक फलक लागले, पिण्याच्या पाण्याची सोय झाली, प्रतीक्षालयात बाकडी आली. सेवेतला उशीर कमी करणे अवघड असले तरी तो बसून काढता यावा, ही सोय नाकारण्यासारखी नाही. पूर्वी काका उभे राहून वाट पाहत, आता पंख्याखाली बसून पाहतात आणि समोरच्या फलकावर सेवा किती दिवसांत मिळेल हे वाचतात. फलक इतका जवळून आणि इतका वेळ वाचायला मिळाल्याने नागरिकांची कायद्याची जाण वाढली आहे, हा मुद्दा ९०२ मध्ये नव्हता.

प्रगतीची शेवटची कसोटी विधानसभेत लागते. आमदार लेखी प्रश्न विचारतात आणि प्रश्नाचा पहिला भाग बहुधा ‘हे खरे आहे काय’ या शब्दांनी संपतो. उत्तरे ठरलेली असतात: ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’. यात दुसरे उत्तर सर्वांत मोलाचे आहे. अंशतः खरे म्हणजे प्रश्नकर्त्याला जे माहीत आहे तेवढे खरे आणि जे माहीत नाही ते विचारलेलेच नाही. पूल खचला का, या प्रश्नाला अंशतः खरे आहे असे उत्तर मिळते तेव्हा पुलाचा कोणता अंश जागेवर आहे हे वाहनचालकाने स्वतः पाहायचे असते. विरोधक पायऱ्यांवर उभे राहून घोषणा देतात. पुढच्या सरकारात तेच आत बसून ‘अंशतः खरे आहे’ म्हणतात आणि आधीचे आतले पायऱ्यांवर येतात. महालेखापरीक्षकांचा अहवाल बहुधा अधिवेशनाच्या अखेरीस सभागृहात येतो, तोवर आमदारांच्या गाड्या सुरू झालेल्या असतात.

हे सगळे झाल्यावर अहवाल अभिलेखात जातो. सरकारी दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. ‘अ’ कायम जपायचा आणि ‘ड’ वर्षभरात नष्ट करायचा. प्रगतीचे अहवाल ग्रंथालयात बांधीव रूपात कायम राहतात. काकांचा त्रुटीचा अर्ज, कोऱ्या बाजूच्या झेरॉक्ससह, फार काळ राहत नाही. दोन्हींत एक साम्य मात्र आहे. काकांना शेवटी मिळालेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर तळाशी वैधतेची तारीख असते, ३१ मार्च. शासनाची वार्षिक प्रगतीही त्याच दिवशी संपते. १ एप्रिलला दोघांनाही आपण कुठवर आलो हे पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. शासनाला त्यासाठी अधिवेशन मिळते आणि काकांना टोकन.